टर्मिनेटर २ : पहिल्यापेक्षा सरस का, आणि कोणती आवृत्ती बघावी?

रीळवेडा : पहिला 'टर्मिनेटर' (१९८४) बघून झालाय. दुसरा (१९९१) त्याहून भारी म्हणतात. नुसत्या इफेक्ट्समुळे का? आणि थिएटरवाली आवृत्ती बघू की लांबवलेली?

कटपेस्ट : इफेक्ट्स नंतर. आधी पटकथा बघा. मॉलच्या बोळात गुलाबांच्या खोक्यातून बंदूक निघेपर्यंत वाचवणारा कोण, मारणारा कोण, हे सिनेमा उघड सांगतच नाही. जाहिरातींनी तो डाव आधीच फोडला, हे दिग्दर्शक जेम्स कॅमरूनचं दुर्दैव! पहिल्या भागात घाबरून पळणारी नायिका सारा इथे स्वतःच धोकादायक झालीय. पहिली फेरी थिएटरवाली, १३७ मिनिटांचीच बघा, वेग तिथे जास्त आहे.

फोमरबर : सगळं संगणकाचं नाही हं. संगणकाची दृश्यं जेमतेम पाच-सहा मिनिटं. गोळी लागल्यावर पोलिसाच्या वेशातल्या धातूच्या खलनायकाच्या छातीवर उमलणारं 'धातूचं फूल' म्हणजे चकचकीत मुलामा दिलेलं फोमरबर, म्हणजे स्पंजसारखं रबर. ते गणवेशाखाली स्प्रिंगवर दाबून ठेवायचे, कापडाला आधीच चिरा दिलेल्या. लांबवलेल्या आवृत्तीतला आरशाचा प्रसंग तर चुकवू नकाच, सारा आरशासमोर टर्मिनेटरचं डोकं उघडते तो. तिथे आरसाच नाही, रिकामी चौकट आहे! अलीकडे टर्मिनेटर झालेल्या श्वार्झनेगरचा पुतळा आणि सारा झालेल्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण, पलीकडे खरे दोघं. दोघी बहिणींच्या हालचाली जुळल्या म्हणून साधलं.

रीळवेडा : मग ४के (जास्त स्पष्ट चित्राची) डिस्क घेऊ?

कटपेस्ट : २०१७ची नको. फिल्मचे कण पुसताना चेहरे मेणासारखे झालेत. त्यापेक्षा जुनी ब्लू-रे डिस्क बरी, आणि लांबवलेली आवृत्ती आहे ना ते वेष्टणावर तपासून घ्या.