बागेतल्या मावशी: ज्याला जे आठवतंय ते लिहा

मावशी गेल्या त्याला महिना होत आला. घरी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीनं एक वही समोर ठेवली, आपल्या बागेतल्या सगळ्या वाफ्यांची नोंद, कोणी काय लावलं, कशावर मावा आला, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून त्यांच्या वाफ्याला कोण पाणी घालणार, सगळं. आई सकाळी बागेत जाते एवढंच आम्हाला माहीत होतं, म्हणाली. म्हणून हा धागा. सगळ्यांचं लिहून झालं की छापून तिला द्यायचंय, तेव्हा लाजू नका.

मीच सुरुवात करते. आत्ता जिथे बाग आहे तिथे आधी राडारोडा होता, विटांचे तुकडे आणि सिमेंट, कुदळ मारली की ठिणगी उडायची. विकतची माती आणायचा खर्च ऐकून निम्मे लोक गळाले होते. मावशींनी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचं, म्हणजे शेतीत प्रयोग करून एकमेकांना शिकवणाऱ्या लोकांच्या गटाचं, वाचलेलं होतं, त्या म्हणाल्या माती आपण करू. रस्ता झाडणाऱ्या ताई पाला पेटवायच्या, मावशी रोज त्यांच्यासाठी चहाचा थर्मास घेऊन जायला लागल्या आणि पोती भरून पाला बागेत यायला लागला. मग १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, १० लिटर पाणी, ३ दिवस ढवळत ठेवायचं, चौथ्या दिवशी त्यात १०० लिटर पाणी घालून पाला त्यात बुडवायचा आणि ढीग रचायचा. आपली अमृतमाती. आज वाफ्यात कोपरापर्यंत हात जातो तो त्या पाल्यामुळे.

---

मी आयटीवाला, संध्याकाळीच वेळ मिळायचा. माझे दुधी बोटाएवढे झाले की पिवळे पडून गळायचे. मी खत टाकत सुटलो होतो. मावशी म्हणाल्या, अरे उपाशी नाहीये तो, लग्न लागत नाहीये त्याचं. दुधीची पांढरी फुलं दिवस मावळताना उमलतात, लांब देठाचं ते नर, खाली बारीक दुधी असलेलं ते मादी, नराचं फूल तोडून पाकळ्या मागे करायच्या आणि मादीत अलगद फिरवायचं. भोपळ्याला मात्र हे सकाळी करायचं. आता नवीन आलेल्यांना हे मी शिकवतो आणि लग्नाचं वाक्य त्यांचंच वापरतो.

---

त्या गोड बोलणाऱ्या नव्हत्या हेही लिहायला हवं, नाहीतर वेगळ्याच कोणाबद्दल वाचतोय असं वाटेल. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा मी दुकानातून औषध आणायचं म्हटलं, सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, शेजारच्या वाफ्यातली कोथिंबीर मुलं धुवून न धुवून खातात, तुम्ही फवारणार? राग आला होता मला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी घेऊन त्या माझ्याच जास्वंदीपाशी उभ्या, पानाच्या मागच्या बाजूनं मारायचं म्हणून स्वतः फांदी धरून. मी त्यांच्याशी पुढेही बरेच वाद घातले. आता मीटिंगला कोणाशी घालू?

---

माझे पप्पा शेजारच्या सोसायटीत वॉचमन होते. आम्ही मराठवाड्यातले, गावी शेती होती, इथे एक खोली. आई बागेच्या जाळीपाशी उभी राहून बघायची फक्त. मावशींनी तिला आत बोलावलं आणि विचारलं हे काय उगवलंय, आम्ही उपटून टाकतो ते. आई म्हणाली ही घोळ, हा तांदुळजा, खातात की. मावशी म्हणाल्या, शिकवा मला. त्या दिवसापासून मावशी माझ्या आईला ‘बाई’ म्हणायच्या, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, नाव घेऊन हाक नाही मारली कधी.

मग आईला वाफा द्यायचा म्हटल्यावर मीटिंगमध्ये काही जण म्हणाले की त्या वर्गणी कुठे भरतात, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. मी आईबरोबर होते, शाळेत होते तेव्हा. आई उठून निघालीच होती. मावशी म्हणाल्या, उन्हाळाभर तुमच्या वाफ्यांना पाणी कोण घालत होतं विचारा, वर्गणी रुपयात घ्यायची असेल तर आधी त्यांची मजुरी द्या. कोणी काही बोललं नाही. आईनं अंबाडी लावली. अंबाडीची भाजी आणि भाकरी मावशींना इतकी आवडायची की त्या डबा घेऊनच यायच्या. मी आता नर्सिंगला आहे. मावशी रिटायर्ड सिस्टर होत्या, फॉर्म भरायला त्यांनीच बसवलं होतं मला, पहिल्या ड्युटीआधी ओव्हर कसा घ्यायचा, म्हणजे आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती कशी घ्यायची, हे बागेतल्या कट्ट्यावर शिकवलं. आई हे वाचून घेणार आहे माझ्याकडून, तिला लिहायला जमत नाही पण रोज बोलते त्यांच्याबद्दल.

---

जर्मनीतून लिहितेय. इथे छोट्या बागांच्या कॉलन्या असतात, नंबर लागायला वर्षं जातात, आम्हाला मिळाली तेव्हा पहिला फोटो मावशींना पाठवला. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि व्हॉइस मेसेज आला, कुंपणाजवळचा तो चाकवत आहे, टाकू नकोस, ताकातली भाजी कर. इथे त्याला लोक तण म्हणून काढतात. आम्ही केली भाजी, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून. मेसेज मी जपून ठेवलाय, ऐकवत नाही अजून.

---

माझी पत्नी गेल्यावर मावशींनी मला कर्टोलीचे कंद दिले. नर-मादी वेल वेगळे असतात म्हणून दोन्ही दिले. उन्हाळ्यात वेल पार वाळतो, नवीन माणूस मेला समजून उकरून टाकतो, म्हणून तिथे त्यांनी दगड पुरून ठेवलाय. कृपया कोणी तो दगड हलवू नका. एवढंच.

---

वही मी आणलीये, मुलीनं दिली आहे बागेसाठी. पाण्याच्या पाळ्या तिच्यातच लिहायच्या, ग्रुपवर नको, तिथे सगळं वाहून जातं. बियांच्या बाटल्या तपासल्या, वाल, चवळी, माठ, मायाळू, अंबाडी भरपूर आहे, घेऊन जा आणि पीक आलं की त्यातलं थोडं बी परत आणून टाका, त्यांची पद्धत तीच होती. गवारीची बाटली रिकामी आहे, कोणाकडे त्यांनी दिलेलं बी शिल्लक असेल तर रविवारी घेऊन या.