ट्रेलरचा पंप चालतोय पण पाणी येत नाहीये – मेमोरियल डेच्या आधी मदत हवी

प्लिमथहून, शुक्रवार रात्र

नमस्कार मंडळी,

इथे मिनेसोटात कॅम्पिंग करणारे बरेच जण आहेत म्हणून लिस्टवर विचारते. आम्ही गेल्या ऑक्टोबरमध्ये एक वापरलेला २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेतला. विकणाऱ्या गृहस्थांनीच पाईपमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) भरून विंटराइझ करून दिला, म्हणजे हिवाळ्यात पाईप गोठून फुटू नयेत अशी सोय करून, आणि मग तो सगळा हिवाळा स्टोरेजला उभा होता. पुढच्या आठवड्यात सासूसासरे साताऱ्याहून येतायत, आईंचे गुडघे धरलेत त्यामुळे तंबू आणि रात्री टॉर्च घेऊन लांबच्या टॉयलेटला चालत जाणं त्यांना जमणारच नाही, ट्रेलर घेतला तोच त्यासाठी. मेमोरियल डेला (मे अखेरच्या सुट्टीला) लेक सुपीरियरच्या नॉर्थ शोअरला स्टेट पार्कात साईट बुक आहे.

आज टाकीत थोडं पाणी भरून पंप लावला. पंप घर्र घर्र चालतोय, थांबतच नाही, आणि नळातून फुसफुस हवा आणि गुलाबी थेंब, बाकी काही नाही. मग घराच्या नळाचा होज बाहेरून जोडला तर गार पाणी व्यवस्थित आलं पण गरम बाजूला अगदी करंगळीएवढी धार, ती पण लगेच बंद. हीटर अजून चालू केलेला नाही. नवरा म्हणतोय पंप गेला, नवीन मागवूया. मागवायचा का? आणि गरम पाण्याचं काय झालं असेल?

---

रॉचेस्टरहून, शुक्रवार रात्र उशिरा

अगं, पंप मागवू नकोस. आणि हीटरचं बटण कोणालाही दाबू देऊ नकोस, विशेषतः करंटवरचं. हे आधी सांगतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे: टाकीत पाणी नसताना आतला इलेक्ट्रिक एलिमेंट लावला तर तो बघता बघता जळतो. तुझी गरम बाजू कोरडी आहे याचा अर्थ बहुतेक हीटरची टाकी पूर्ण रिकामी आहे.

आता पंप. आपल्याकडे गावाला विहिरीवरची मोटार हवा धरते आणि पाणी उचलत नाही, तसंच हे आहे. पंप चालतोय म्हणजे मोटार शाबूत आहे, त्याला पाण्याऐवजी हवा मिळतेय. ज्या ट्रेलरला विंटरायझिंग किट असतं त्यात पंपाच्या आधी एक तीन तोंडांचा कॉक असतो, एक तोंड पाण्याच्या टाकीकडे, एक पंपाकडे आणि एक छोट्या पारदर्शक नळीकडे. हिवाळ्याआधी ती नळी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये बुडवतात आणि कॉक तिकडे फिरवतात. वसंतात तो कोणी परत फिरवत नाही. मग पंप बिचारा त्या मोकळ्या नळीतून केबिनची हवा ओढत बसतो. पंप शोध (डिनेटच्या म्हणजे जेवायच्या टेबलाच्या बाकाखाली, पलंगाखाली किंवा सिंकच्या कपाटात असतो, आवाजाच्या मागे जा), त्याच्या अलीकडे कॉक दिसेल, तो टाकीकडे कर.

त्याने नाही झालं तर पंपाच्या तोंडाशी पारदर्शक वाटीसारखी गाळणी असते ती उघडून बघ. त्यात प्लॅस्टिकचा कीस अडकतो, आणि वाटीला बारीक तडा असेल किंवा आतली ओ-रिंग (रबराची कडी) वाळली असेल तर तिथून पण हवा ओढली जाते. पाणी बाहेर गळत नाही म्हणून लक्षात येत नाही कारण ती ओढणारी बाजू आहे. गाळणी हातानेच आवळायची, पाना लावायचा नाही.

हीटरचं: मागच्या बाजूला बायपास असतो, म्हणजे हिवाळ्यात अँटिफ्रीझ हीटरच्या टाकीत न जाता परस्पर गरम लाईनमध्ये जावं म्हणून केलेली सोय. नाहीतर टाकी भरायलाच ६ गॅलन अँटिफ्रीझ वाया जातं. बहुतेक ट्रेलरला तीन कॉक असतात, एक गार पाणी हीटरमध्ये जाणारा, एक गरम बाहेर येणारा आणि एक त्या दोघांना जोडणारा मधला, बायपासचा. उन्हाळ्यात आतबाहेरचे दोन उघडे, मधला बंद. दांडी पाईपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. काहींना एकच कॉक असतो.

पण कॉक फिरवायच्या आधी बाहेर जाऊन हीटरचं झाकण उघड आणि खालच्या भोकात प्लग आहे का बघ. बरेच लोक टाकी रिकामी करून प्लग काढूनच ठेवतात, ड्रॉवरमध्ये पिशवीत असतो. सबर्बन कंपनीचा हीटर असेल तर प्लगला लांब कांडी असते, तो अॅनोड रॉड, टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजतो. पाऊण भाग झिजला असेल तर नवीन घाल. अॅटवुड कंपनीची टाकी अॅल्युमिनियमची, तिला नुसता नायलॉनचा प्लग येतो, त्यात भलती कांडी बसवू नकोस. टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे दे.

मग गरम नळ उघडा ठेव, आधी हवा येईल, खोकल्यासारखं पाणी येईल, मग एकसारखी धार. सगळ्या गरम नळांना अशी धार आल्यावरच हीटर.

---

ईगनहून, शनिवार सकाळ

वहिनी, काकांनी सगळं सांगितलंच आहे, फक्त एक.

> घराच्या नळाचा होज बाहेरून जोडला

प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर लावला होता का मध्ये? घराच्या बाहेरच्या नळाला ६०–८० पीएसआय प्रेशर असू शकतं, ट्रेलरच्या लाईनला ४५–५० भरपूर झालं. हिवाळ्यात एखादा फिटिंग अर्धवट तडकला असेल तर जास्त प्रेशरने तो आजच पूर्ण उघडतो. पितळी रेग्युलेटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, नळाच्या बाजूला लावायचा म्हणजे होज पण वाचतो. आणि पांढरा पिण्याच्या पाण्याचा होज घ्या, बागेचा हिरवा नको, पाण्याला रबराचा वास येतो आणि तो पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलाही नसतो.

---

प्लिमथहून, शनिवार दुपार

काका, कॉक डिनेटच्या बाकाखालीच होता आणि नळीकडे फिरवलेला होता!! फिरवल्यावर अर्ध्या मिनिटात पंपाचा आवाजच बदलला आणि किचनच्या नळाला धार आली. हीटरचा प्लग खरंच सिंकखालच्या ड्रॉवरमध्ये पिशवीत होता, तुम्ही सांगितलं नसतं तर मी कॉक उघडून सगळं पाणी ड्राइव्हवेवर सोडलं असतं. कांडी निम्मी शिल्लक आहे म्हणून तीच घातली. गरम धार आली, मग हीटर लावला, चालतोय. ईगनचे भाऊजी, रेग्युलेटर आणला.

आता पुढचं. सगळे नळ बंद करून होज काढला आणि पंप चालू ठेवला तर दर दोनेक मिनिटांनी तो एक सेकंद घर्र करतो आणि थांबतो. कुठेही पाणी दिसत नाहीये, सिंकखाली, बाथरूममध्ये सगळं हात फिरवून बघितलं. हे नॉर्मल आहे का?

---

डुलूथहून, शनिवार संध्याकाळ

नाही, नॉर्मल नाही, आणि हे असंच सोडून सासूसासऱ्यांना घेऊन येऊ नका. पंपात प्रेशर स्विच असतो, लाईनमध्ये ठरावीक प्रेशर झालं की तो बंद होतो आणि प्रेशर पडलं की परत चालू. नळ बंद असताना प्रेशर पडतंय म्हणजे एकतर पाणी कुठूनतरी बाहेर जातंय नाहीतर पंपाच्या चेक व्हॉल्वमधून (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) मागे टाकीत जातंय. मी हे दर वसंतात इकडे लोकांच्या ट्रेलरला बघते, आणि बहुतेक वेळा पाणी खरंच बाहेर जात असतं, फक्त दिसत नाही अशा जागी.

आधी चेक व्हॉल्व निकालात काढा. पंप बंद करून रेग्युलेटर लावून होज जोडा आणि पाण्याच्या टाकीची पातळी बघत राहा. टाकी आपोआप भरायला लागली तर पाणी पंपातून उलटं जातंय, तिथेच दोष. नाही भरली तर गळती शोधायची. पंप चालू असताना बाहेरच्या होजच्या तोंडातून थेंब येत असतील तर तिथल्या छोट्या व्हॉल्वची ओ-रिंग गेलीये, ते स्वस्तातलं काम आहे.

गळती कुठे शोधायची ते समजून घ्या म्हणजे वेळ वाया जाणार नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. ट्रेलरचा पेक्स (लवचिक प्लॅस्टिकचा) पाईप तेवढा ताण बऱ्याचदा सहन करतो आणि परत जागेवर येतो, पण जोडणीचे प्लॅस्टिक एल्बो, नळांची बॉडी, टॉयलेटच्या मागचा पाण्याचा व्हॉल्व हे ताणले जात नाहीत, ते तडकतात. म्हणून भिंत फोडून सरळ पाईप शोधत बसू नका, जोडण्या बघा. आणि त्यातही जिथे अँटिफ्रीझ पोचलंच नसेल तिथे आधी जा. आतले सगळे नळ लोक उघडून गुलाबी येईपर्यंत थांबतात, पण आउटडोअर शॉवर, जो बाहेरच्या भिंतीत झाकणाच्या आत असतो, तो राहतो. त्याचे गरम आणि गार दोन्ही नळ वेगवेगळे उघडावे लागतात. तुमच्याकडे तो आहे का? असेल तर त्याच्या मागची बाजू आतून कुठल्या कपाटात किंवा स्टोरेजमध्ये येते ती शोधून कोरडा टिश्यू लावा. हाताला ओल लगेच कळत नाही, टिश्यूला कळते.

टॉयलेटचं पण बघा, बाउलमधलं पाणी रात्रीत वाढत असेल तर व्हॉल्व झिरपतोय. आणि ट्रेलरच्या पोटाखाली दोन छोटे पाईप लोंबत असतील, ते लाईन रिकामी करायचे ड्रेन, त्यांची टोपणं घट्ट आहेत का. पोटाला काळा प्लॅस्टिकचा पत्रा असेल आणि तो कुठे फुगून खाली आलेला दिसला तर आत पाणी साठलंय.

हे मी इतकं सांगतेय कारण आपल्या स्टेट पार्कात बहुतेक साईटवर पाण्याचा नळ नसतो, एका ठिकाणी टाकी भरून घ्यायची आणि पुढे सगळं पंपावर. म्हणजे गळती असली की टाकी रिकामी होतेच, शिवाय पंप रात्रभर बॅटरी खातो.

---

प्लिमथहून, रविवार दुपार

ताई, आउटडोअर शॉवरच! टाकी भरली नाही म्हणून चेक व्हॉल्व ठीक, मग पलंगाखालच्या स्टोरेजमध्ये मागची फळी काढली तर शॉवरच्या गरम बाजूच्या बॉडीला केसासारखी चीर आणि पाणी भिंतीच्या आतून खाली उतरत होतं, वरून काहीच दिसलं नसतं. खालचं प्लायवूड ओलं आहे पण बोटाने दाबलं तर कडक आहे, मऊ पडलेलं नाही. नवीन शॉवर बॉक्स मागवलाय, तो यायला आठवडा. तोपर्यंत काय करू? आणि पाणी प्यायला चालेल का, अजून थोडा गोडसर वास येतोय.

---

डुलूथहून, रविवार दुपार

दोन्ही पाईप शॉवरच्या अलीकडे काटकोनात स्वच्छ कापा आणि अर्ध्या इंचाच्या पुश-फिट (नुसत्या दाबून बसणाऱ्या) कॅप लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, वेगळं हत्यार लागत नाही. पाईपवर खूण करून कॅप पूर्ण आत गेली ना ते बघा, अर्धवट बसली तर सुटते. गार बाजूला चीर दिसत नसली तरी ती पण बंद करा, एकच बॉडी आहे. ट्रिपला आउटडोअर शॉवर नसला तरी काही अडत नाही.

फळी परत लावू नका. स्टोरेजचं दार उघडं ठेवून दोन-तीन दिवस पंखा लावा. ट्रेलर पाण्याने मरतात ते असेच, आतून, प्लायवूड कुजून, म्हणून ती जागा पूर्ण वाळल्याशिवाय झाकायची नाही.

---

रॉचेस्टरहून, रविवार संध्याकाळ

छान शोधलंस. आता पाणी. गुलाबी अँटिफ्रीझ म्हणजे बहुतेक प्रोपिलीन ग्लायकॉल, गाडीच्या रेडिएटरमधलं विषारी एथिलीन ग्लायकॉल वेगळं. तरी पिऊ नये, फेस आणि वास जाईपर्यंत प्रत्येक नळ वाहू दे, ते पाणी ग्रे टाकीत (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीत) जाऊ दे आणि डंप स्टेशनला, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, सोड.

मग ब्लीच. साधं, बिनवासाचं. १५ गॅलनला पाव कप हे प्रमाण, तुझी टाकी ४० गॅलनची असेल तर पाऊण कपाला थोडं कमी. आधी बादलीत पाण्यात मिसळायचं, थेट ओतायचं नाही. पाण्याचा फिल्टर असेल तर काढून ठेव आणि हीटर बंद. टाकी भर, पंप लाव, गार आणि गरम प्रत्येक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत उघड, टॉयलेट पण, मग निदान चार तास तसंच ठेव, रात्रभर ठेवलंस तरी चालेल. मग सगळं सोडून दे आणि वास जाईपर्यंत ताजं पाणी फिरव. एका भरणीत जात नाही, दोन-तीन लागतात. हीटरची टाकी पण रिकामी कर. पण ती गार झाल्यावर आणि गरम नळ उघडून प्रेशर घालवल्यावरच प्लग काढ, नाहीतर उकळतं पाणी अंगावर येतं.

आणखी एक, हे आत्ता झालेलं नसलं तरी पहिल्या ट्रिपला होईल: हीटर तापल्यावर बाहेरच्या सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब थेंब पाणी येईल आणि तुम्हाला वाटेल परत काहीतरी फुटलं. टाकीच्या वरच्या भागात थोडी हवा लागते, पाणी तापून फुगतं त्याला जागा म्हणून. ती हवा हळूहळू संपते. हीटर बंद करून गार होऊ दे, पंप बंद, होज बंद, गरम नळ उघड, मग त्या व्हॉल्वची दांडी वर करून पाणी यायचं थांबेपर्यंत ठेव आणि सोड. हवा परत आत जाते. एवढं करूनही गळत राहिला तर व्हॉल्व बदल, त्याला बूच मारायचं नाही कधीच.

आणि भरलेली टाकी घेऊन हायवेने जाऊ नका. ४० गॅलन म्हणजे ३३० पौंडांच्या वर वजन. पार्कच्या पाण्याच्या नळावर भरा.

---

प्लिमथहून, मंगळवार सकाळ

कॅप लावल्या. काल रात्री नळ बंद करून पंप चालू ठेवून आम्ही ट्रेलरमध्येच झोपलो, पंप एकदाही वाजला नाही. ब्लीच आज करते. तिघांचे मनापासून आभार, आई आल्या की एक दिवस सगळ्यांनी जेवायला या.

---

डुलूथहून, मंगळवार

येणार! इकडे लेकच्या कडेला अजून एखादी रात्र शून्याखाली जाते, मे असला तरी. निघताना हवामान बघा, तसं असेल तर रात्री होज बाहेर जोडून ठेवू नका आणि सिंकखालची कपाटं उघडी ठेवा म्हणजे आतली ऊब पाईपला लागेल.

---

रॉचेस्टरहून, मंगळवार

कॉम्प्रेसर आणि होजच्या तोंडाचा अॅडॉप्टर माझ्याकडे आहे, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ट्रेलर घेऊन इकडे या. ३०–४० पीएसआयने सगळ्या लाईनमधलं पाणी आधी बाहेर काढू, मग गुलाबी भरू, आउटडोअर शॉवरच्या दोन्ही नळांपर्यंत. अजून कोणाला करून घ्यायचं असेल तर इथेच लिहा, एकाच शनिवारी सगळे उरकू.