चित्रं कधी सुटली, परत कशी आली?

कपाट रिकामं करताना तळाशी माझी एक जुनी वही सापडली. मी नऊ-दहा वर्षांची असतानाची. पानंच्या पानं घोडे. पळणारे, उभे, मान वळवून बघणारे. सुरुवातीच्या घोड्यांना खोडरबर लागलेलाच नाही. पुढेपुढे मात्र खोडल्याचे काळे डाग दिसायला लागतात, एका पानावर तर खोडून खोडून कागदाला भोक पडलंय. त्यानंतर वही कोरी.

मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड म्हणतात की साधारण नवव्या वर्षापासून मुलाला आपलं चित्र खऱ्यासारखं दिसायला हवं असतं. डोळ्याला चूक दिसायला लागते, पण ती दुरुस्त करणं हाताला अजून जमत नसतं. पुष्कळांची चित्रं तिथेच सुटतात. माझीही तिथेच सुटली असणार.

गेलं दीड वर्ष मी पुन्हा काढतेय. सुरुवातीचे दोन महिने फक्त कप. कपाचं तोंड लंबगोल काढायचे आणि बूड सरळ रेघेनं संपवायचे, त्यामुळे प्रत्येक कप हवेत तरंगायचा. एका दुपारी पेन्सिल खाली ठेवली आणि नुसती बघत बसले. बुडाची कडाही गोल होती, आणि वरून बघताना ती तोंडापेक्षा जास्त फुगीर दिसत होती. नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितका गोल उघडत जातो. त्या दिवशी माझा कप पहिल्यांदा टेबलावर टेकला, आणि मला इतका आनंद झाला की घरात सगळ्यांना उठवून दाखवला.

तुमची चित्रं कधी सुटली? कशानं परत आली? आता काय काढता? सविस्तर लिहा. चित्रं चांगली यायला हवीत अशी काही अट नाही.

* * *

माझी सुटली नाहीत, आटली. लहानपणी भिंत, फरशी, पाटी, काही सोडलं नव्हतं. पुढे जीवशास्त्र घेतलं आणि चित्र म्हणजे जर्नल एवढंच उरलं. रेघ एकच, अखंड, टोकदार पेन्सिलीची. छाया द्यायची नाही, दाट भाग दाखवायचा तर ठिपके. नावांच्या रेघा एकमेकींना छेदता कामा नयेत. तेव्हा जाच वाटायचा. नोकरी लागली आणि तेही संपलं.

मागच्या वर्षी पाय प्लास्टरमध्ये होता, सहा आठवडे खिडकीशी बसून काढले. रोज एक पान काढायचं ठरवलं, तर हात आपणहून जर्नलची रेघ ओढायला लागला. देठापासून टोकापर्यंत, न थबकता. इतकी वर्षं तो हात कुठे होता कोण जाणे. आता वाळलेली, कडा वळलेली पानं काढते. ठिपके अजून तसेच देते. घासून दिलेली छाया मला आवडत नाही.

* * *

बाबा दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. रात्रीची पाळी माझी असायची. फोन बघून डोळे दुखायचे, पुस्तकात लक्ष लागायचं नाही. एका रात्री जुन्या रिपोर्टाच्या पाठीमागे बॉलपेननं त्यांचा हात काढला. शाळा सुटल्यापासूनचं पहिलं चित्र.

बॉलपेननं खोडता येत नाही. रेघ चुकली तर तिला तसंच राहू द्यायचं आणि शेजारून बरोबर रेघ मारायची. दोन-तीन रेघांमधून हात हळूहळू सापडत जायचा. सलाईनची सुई लावलेली, त्यावर पांढरी पट्टी, पट्टीच्या कडेला सुरकुतलेलं कातडं. मी त्यांचा हात इतका वेळ कधीच बघितला नव्हता. करंगळी थोडी वाकडी आहे हे मला चाळिशीत कळलं.

चौथ्या की पाचव्या रात्री त्यांना जाग आली. कागद मागून घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाले, "अंगठा एवढा जाड नाहीये माझा." दुसऱ्या दिवसापासून मी कागद काढला की ते हात चादरीवर नीट मांडून ठेवायचे, अंगठा पुढे काढून. बोलायचे नाहीत, नुसते स्थिर पडून राहायचे.

आता ते घरी आहेत, बरे आहेत. मी रविवारी त्यांना समोर बसवून काढतो. पण ते हात मुद्दाम धरून ठेवतात, त्यामुळे चित्रातही तो अवघडल्यासारखा येतो. झोपेतला सैल हात पुन्हा काही मिळाला नाही. ते सतरा कागद मी एका पाकिटात ठेवलेत.

* * *

वरचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना. दादा, ते पाकीट जपा. आणि जमलं तर कागदांवर तारखा घाला, पुढे क्रम आठवत नाही.

माझा अनुभव अगदी लहान. माझे सगळे चेहरे बुटक्या कपाळाचे यायचे. मग आरशासमोर उभी राहून पेन्सिलीनं मोजलं. डोळे डोक्याच्या जवळपास मध्यावर असतात, हनुवटीपासून जितके वर तितकेच टाळूपासून खाली. आपण चेहऱ्याकडेच बघतो, म्हणून कपाळ आणि केसांचा भाग नजरेतून निसटतो. ती एक मधली रेघ आखायला लागले आणि बहिणीचं चित्र बहिणीसारखं दिसलं.

* * *

मला पेन्सिलीबद्दल लिहायचंय. लहानपणी आमच्याकडे एकच असायची, एचबी. काळं हवं म्हणून मी ती इतकी दाबायचो की पुढच्या तीन पानांवर वळ उठायचे, तरी राखाडीच. माझ्या हातातच काहीतरी कमी आहे अशी माझी खात्री झाली होती.

पन्नाशीत कुणीतरी ६बी हातात दिली. कागदावर टेकवली आणि काळं उमटलं. न दाबता! मग त्यामागचं कारण शोधलं. युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचं शुद्ध ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँते यांनी ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळून भट्टीत भाजली. १७९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी (एच), ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि गडद (बी). म्हणजे सगळा फरक मातीच्या प्रमाणाचा होता, आणि मी तो चाळीस वर्षं स्वतःच्या नावावर लावून बसलो होतो.

आता २एच, एचबी, २बी, ६बी एवढ्या चार ठेवतो. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी मोठा संच घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

* * *

याला पुस्ती जोडते (वही माझीच होती). रंगांकडे वळणार असाल तर आधी कागद चांगला घ्या. वहीच्या पातळ कागदावर जलरंग लावला की तो फुगतो, खळगे पडतात, पाणी तिथे साचतं आणि वाळताना डाग धरतं. ३०० जीएसएमच्या जाड कागदावर तेच तीन स्वस्त रंग वेगळे दिसतात. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोनच एकत्र करून बघा. ढगांपासून भिंतीवरच्या सावल्यांपर्यंतचे सगळे राखाडी त्यात मिळतात.

* * *

माझं वय एकाहत्तर. निवृत्तीनंतर जलरंग सुरू केले. दोन-तीन वर्षांनी सगळं मातकट वाटायला लागलं. वाटलं, रंग जुने झाले. नवे आणले, तरी तेच.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी एकाच डोळ्याचं. घरी आल्यावर कोरा कागद समोर धरला आणि एकेक डोळा मिटून बघितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला कागद पांढरा, किंचित निळसर. दुसऱ्या डोळ्याला तोच कागद जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट. मी कितीतरी वेळ डोळे मिटत-उघडत बसलो होतो. मोतीबिंदूत भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि दिसणं वेगळं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनाही मोतीबिंदू होता. १९२३ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं त्यांनी करून घेतलं नाही.

मी दुसऱ्याचंही करून घेतलं. आधीची चित्रं फाडावीत असं एकदा मनात आलं होतं. फाडली नाहीत. मला तेव्हा जग तसंच दिसत होतं.

* * *

माझं थोडं उलटं आहे. मला कुणी नावं ठेवली नाहीत, सगळे कौतुकच करायचे. प्रत्येक स्पर्धेला मलाच पाठवायचे. ठरलेले विषय, ठरलेला वेळ, आणि एका वर्षी नंबर आला नाही तर घरी जाताना पोटात गोळा. त्यानंतर मी रंगपेटी उघडली नाही.

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा तिच्याशेजारी जमिनीवर बसून पुन्हा सुरू केलं. ती हुकूम सोडते, "आता तू हत्ती काढ, मी त्याला पंख काढते." एका कागदावर दोघी. मी काढलेल्या हत्तीवर ती सरळ हिरवा खडू फिरवते. पहिल्या दिवशी मला ते सहन झालं नव्हतं, हात धरला होता मी तिचा. आता धरत नाही. एकटीनं काढलेली चित्रं मी अजून कुणाला दाखवत नाही, आणि दाखवायचीही नाहीत.

* * *

वहीवाल्या ताई, एक विचारू? कागदाला भोक पडलंय ते घोड्याच्या मागच्या पायाशी आहे का?

मी जनावरांचा डॉक्टर. शिकत असताना सांगाडे काढून काढून माझी चित्रकला परत आली. घोड्याच्या मागच्या पायात मध्यावर जो उलटा वाकलेला सांधा दिसतो, तो गुडघा नसून घोटा आहे. गुडघा खूप वर असतो, पोटाशी, कातडीखाली झाकलेला. खूर म्हणजे एकाच बोटाचं नख, त्यावर तो सगळा भार तोलतो. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते मनगट. स्वतः चवड्यांवर उभ्या राहा, टाचा उंच उचला, गुडघे थोडे वाकवा आणि आरशात बाजूनं बघा. घोड्याचा मागचा पाय दिसेल.

* * *

डॉक्टर, हो. मागचाच पाय आहे, अगदी त्या सांध्यापाशी. मी तिथे गुडघा काढत होते, आपल्यासारखा पुढे वाकणारा, आणि तो चुकतोय हे दिसत असूनही पुन्हा पुन्हा तसाच काढत होते.

काल रात्री आरशासमोर चवड्यांवर उभी राहिले. मग ती वही उघडली आणि भोकाच्या समोरच्या कोऱ्या पानावर २बीनं एक घोडा काढला. मान आखूड झाली आहे आणि शेपूट जमलेली नाही. मागचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत.