होळकरी रुपया घ्यायचा आहे (इंदूर): पारख करून मागितली तर दुकानदार दुखावतील का?

नमस्कार. आमच्या देवघरात आजीचा एक होळकरी रुपया होता. लक्ष्मीपूजनाला ती तो ताम्हनात ठेवून हळदकुंकू वाहायची. ती गेल्यावर घरातल्या जुन्या चांदीबरोबर तोही आटवला गेला, त्याचे पैंजण झाले. बाबा दर दिवाळीला त्याची आठवण काढतात. यंदा त्यांची पंच्याहत्तरी आहे. तोच रुपया तर मिळणार नाही, पण तसा एक त्यांच्या हातात ठेवायचा आहे.

परवा दुपारी सराफ्याजवळच्या एका गल्लीत जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार काकांनी आधी चहा मागवला, मग ट्रे काढला आणि किमतीचं बोलण्याआधी भिंग माझ्या हातात दिलं. ‘ताई, कडेला धरा, मधे बोट लावू नका.’ नाण्यावर फारसीत शहा आलमचं नाव आहे म्हणाले, तेव्हा मला वाटलं चुकून मोगली नाणं दाखवताहेत. मग त्यांनी समजावलं, की होळकरांनीही रुपया बादशहाच्या नावानंच पाडला, ओळखायचा तो खुणेवरून. महेश्वरच्या टाकसाळीचा असेल तर शिवलिंग आणि बेलाचं पान, मल्हारनगरचा, म्हणजे आपल्या इंदूरचा, असेल तर सूर्याचं तोंड. अर्धा तास गेला, पण घ्या असा आग्रह एकदाही नाही.

दोन नाणी बाजूला काढून ठेवायला सांगितलीत. पहिलं महेश्वरचं, बेलाचं पान स्पष्ट आहे, हिजरी १२०२ वाचता येतं. म्हणजे १७८७-८८, अहिल्याबाईंचाच काळ. वजन ११.२ ग्रॅम. ठसा एका बाजूला सरकलाय आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे आहेत. दुसरं सूर्यछाप, दिसायला फार देखणं, पण पॉलिश केल्यासारखं चमकतंय आणि वरच्या कडेला डाग आहे. कधीकाळी हारात ओवायला कडी लावून नंतर काढली असावी असं मला वाटतं. माझं मन पहिल्यावर आहे.

आता अडचण. ते खड्डे जुनेपणाचे की ओतीव नकलेचे, हे कसं ओळखायचं? घरच्या १८७७ च्या व्हिक्टोरियाच्या रुपयावर मी पाण्याची चाचणी करून पाहिली. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्यानं बुडवून लोंबतं धरलं, तळाला टेकू दिलं नाही. काटा १.१२ ग्रॅम दाखवतो. नाण्याच्या ११.६ ग्रॅम वजनाला त्यानं भागलं की उत्तर, म्हणजे घनता, १०.३ च्या वर येतं, चांदीत थोडं तांबं असल्यावर येतं तेवढं. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं असतं तर ९ च्या आसपास आलं असतं. हेच काकांच्या दुकानात करायला सांगावं का? इतक्या आपुलकीनं वागलेल्या माणसापुढे ‘खरं कशावरून?’ हा प्रश्न माझ्या तोंडून निघेना. तुम्ही खरेदी करताना नेमकं कसं विचारता? आणि पक्क्या बिलावर टाकसाळ, सन, वजन लिहून मागणं रीतीला धरून आहे ना?

शिवाय पूजेत कुंकू वाहिलं तर नाणं खराब होतं का? पुसायचं कशानं? चिंच लावायची नाही एवढं काकांनी बजावलंय.

दादा अमेरिकेत असतो, त्यालाही एक हवं होतं. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, हे त्याला सांगितलंय. त्यामुळे एकच घेणार.

रविवारी परत जाणार आहे. फोटो संध्याकाळपर्यंत टाकते, कडेचाही.