४ ऑक्टोबरची सफरचंद सहल : डब्याचं काय करायचं? (तातडीचं)

प्राची, सोमवार २२ सप्टेंबर २०२५, दुपारी १:१०

मंडळी,
घटस्थापनेच्या दिवशी कटकट नको होती, पण आत्ताच बॉस्टनजवळच्या आपल्या सफरचंद बागेतून फोन आला. बाहेरचं खाणं आत चालणार नाही. गेटवर पिशव्या बघतात म्हणे. आपण तेवीस घरांचे पैसे भरून बसलोय, साडेदहाची हेराइड (गवताच्या पेंढ्यांवर बसून गाडीतून बागेची फेरी) ठरली आहे, आणि ते पैसे परत मिळत नाहीत. जेवणाचं काय करायचं ते बुधवारपर्यंत ठरवू या. मागच्या वर्षीचं वडापाव प्रकरण पुन्हा नको, एवढीच विनंती.
प्राची (बालविभाग)

मंदार, सोमवार, दुपारी १:३२

प्राची, एक नोंद करून ठेवतो. बाग ठरवताना जेवण समितीला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पहिल्याच फोनला हे समजलं असतं, कारण इथल्या बऱ्याच बागांचा हाच नियम आहे. त्यांचे डोनट आणि सँडविच खपायला हवेत ना. आम्ही चाळीस थालीपिठांचं पीठ मोजून ठेवलं आहे.
आणि वडापाव प्रकरणात चूक वडापावची नव्हती, पार्किंगची होती. एकदाचं स्पष्ट करतो.
मंदार

केतकी, सोमवार, दुपारी २:०५

मोठ्यांचं काहीही करा हो, डोनट खातील. नीर दोन वर्षांचा आहे. त्याला साडेअकराला दहीभात लागतो, तोही निळ्या वाटीत, आणि साडेबाराला झोप. डबा आत नेता येणार नसेल तर आम्ही येतच नाही. गेल्या रविवारी आम्ही तिघंच दुसरीकडे गेलो होतो. झाडाला हात पोचला की नीर फळ ओढायचा, फांदीच हातात यायची आणि बाकीची चार सफरचंदं खाली. मग तिथल्या एका आजींनी दाखवलं. फळ तळहातात धरायचं, वर उचलून थोडं पिळायचं, देठासकट अलगद सुटतं. तेव्हापासून घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा पिळून बघतोय.
केतकी

सचिन, सोमवार, दुपारी २:४०

एक पेक म्हणजे नक्की किती? फॉर्मवर नुसतं 'पेक' लिहिलं आहे.

मंदार, सोमवार, दुपारी २:४४

पाव बुशेल. दहा पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेचार किलो. एका घराला पुरून उरतं. उरलेल्याचा मोरांबा करा, कोजागिरीला आणू नका.

सुहासकाका, सोमवार, रात्री ९:१५

प्रिय मंडळी,
सहल सफरचंदांची आहे म्हणून बोलत नाही, पण पत्रकावर 'रंगलेल्या पानांच्या सान्निध्यात' असं छापलंय, ते वाचून हसू आलं. ४ ऑक्टोबरला बॉस्टनच्या आसपास तुरळक मेपल लाल दिसतील, बाकी सगळं हिरवं. आपल्याकडे खरा रंग ऑक्टोबरच्या मध्यानंतर. ४ तारखेच्या सुमारास रंग बघायचा तर उत्तरेला न्यू हॅम्पशायरमध्ये जायला हवं.
आम्ही १९८९ साली कँकमागस हायवेने गेलो होतो. लिंकन ते कॉनवे, चौतीस मैल, वाटेत एकही पेट्रोल पंप नाही, अजूनही नाही. आमची मुग्धा तेव्हा दीड वर्षाची. कापडी लंगोटांचा जमाना. सॅबडे फॉल्सच्या वाटेवर तिने जो कार्यक्रम उरकला, त्यानंतर स्वच्छ लंगोट एकही उरला नाही. शेवटी माझा मफलर बांधला. हिने तो मफलर अजून ठेवलाय, धुऊन.
जाता जाता, मागच्या खेपेला कोणीतरी लिहिलं होतं की पानं 'वाळतात म्हणून' लाल होतात. तसं नाही. हरितद्रव्य मोडलं की आत आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्या ऋतूत नव्याने तयार होतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असला की जास्त. थंडीचा कडाका पडला तर मात्र पानं लवकर गळून सगळं आटोपतं.
सुहास

अनघा, मंगळवार २३ सप्टेंबर, सकाळी ७:५०

काका, मफलरचं वाचून चहा सांडला.
माझी सूचना : बाग रद्द करा, बॉस्टनमधल्या आर्नल्ड आर्बोरेटमला, म्हणजे झाडांच्या बागेत, जाऊ. १८७२ पासूनचं आहे, हार्वर्डचं, पण तिकीट नाही. रस्ते रुंद, स्ट्रोलर आरामात जातो. गेल्या ऑक्टोबरमध्ये इराला घेऊन गेले होते. कत्सुरा नावाचं झाड आहे, बदामाच्या आकाराची पिवळी-नारिंगी पानं, आणि ती गळायला लागली की खाली साखर करपल्यासारखा वास सुटतो. अगदी चिक्कीचा पाक कढईला लागल्यासारखा. इरा पान नाकाला लावून म्हणाली, "आई, झाडाने शिरा केला?" घरी येईपर्यंत मुठीत तेच पान. सीटवर अजून चुरा सापडतो.
अनघा

नितीन, मंगळवार, सकाळी ८:१०

आर्बोरेटममध्ये पिकनिकला बंदी आहे. वर्षातून एक दिवस परवानगी असते, मे महिन्यात लायलॅक संडेला, म्हणजे लायलॅकच्या फुलांच्या उत्सवाला.

अनघा, मंगळवार, सकाळी ८:१२

हो का. मग आम्ही राजगिऱ्याचे लाडू खाल्ले ते कोणी बघितलं नाही.

रेवती, मंगळवार, सकाळी १०:३०

जेवणाचं चालू दे, मला वेगळंच सांगायचंय. गोचीड. थंडी आली की संपतात असं समजू नका, इथल्या डियर टिक जातीच्या मोठ्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगल्याच फिरत असतात आणि पडलेल्या पानांत असतात. गेल्या वर्षी अर्णव आमच्याच अंगणातल्या पानांच्या ढिगात तासभर लोळला. रात्री आंघोळ घालताना गुडघ्याच्या मागे काळा तीळ दिसला. मी पुसायला गेले तर तिळाला पाय.
चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची. पिळायची नाही (केतकी, सफरचंदाच्या उलट!), तेल-तूप लावायचं नाही. आम्ही ती छोट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेली. ती बराच वेळ, साधारण दिवसभराहून जास्त, चिकटून राहिली तरच लाइम रोगाचा (गोचिडीमुळे होणाऱ्या संसर्गाचा) धोका वाढतो, म्हणून त्याच रात्री बघणं महत्त्वाचं. काखा, कानामागे, जांघा, केसांत. पोरांना फुलपँट घाला, मोजे पँटवरून चढवा, फोटोत ध्यान दिसलं तरी चालेल. घरी आलात की कपडे आधी ड्रायरमध्ये, कडक तापमानावर दहा मिनिटं. नुसत्या धुण्याने गोचीड मरत नाही.
रेवती

मीनाकाकू, मंगळवार, सकाळी ११:२०

बाई गं. आमच्याकडे गावी गोचीड म्हशींना व्हायची. आजोबा चिमटा न घेता नखाने काढायचे आणि शेणीवर टाकायचे.
कोजागिरी सोमवारी ६ तारखेला आहे आणि मंडळ शनिवारी साजरी करतंय, चंद्राला दोन दिवस आधी बोलावून. ठीक आहे, सुट्टी बघावी लागते. पण सकाळी सहल, संध्याकाळी सातला दूध, म्हणजे पोरांनी झोपायचं कधी? दूध आटवायला मी साडेचारला हॉलवर असेन. ज्यांच्या मुलांना सुकामेवा चालत नाही त्यांनी कळवा, वेगळं पातेलं ठेवते. मागच्या वेळी कोणी कळवलं नाही आणि मग मलाच ऐकवलं.

मंदार, मंगळवार, सकाळी ११:४५

काकू, दुधाचा विषय जेवण समितीच्या यादीत आहे. वेगळं पातेलं धरलेलं आहे. थालीपिठात दाण्याचं कूट नाही, हेही इथेच सांगतो. गेल्या वर्षी एकूण सोळा जणांनी विचारलं होतं.

प्राची, मंगळवार, दुपारी ३:२०

बागेत फोन केला. बाई प्रेमळ होत्या. म्हणाल्या, बाळांचं खाणं आणलं तर चालेल. 'बाळ' म्हणजे किती वर्षांपर्यंत ते मी विचारलं नाही. मुद्दामच.
आणखी एक, त्या स्वतःच म्हणाल्या : तिथलं ताजं सायडर (सफरचंदाचा रस) पाश्चराइझ केलेलं नसतं, लहान मुलांना देऊ नका. गरोदर असाल तर तुम्हीही नको. बाटलीवर सूचना असते, पण पोरं वाचत नाहीत.

सचिन, मंगळवार, दुपारी ३:३१

विचारायला हवं होतं. माझा मुलगा साडेचारचा आहे. तो बाळ की नाही?

केतकी, मंगळवार, दुपारी ३:३५

सचिन, तो माझ्या अंगावरून सायकल घेऊन गेला होता. बाळ नाही.

मंदार, मंगळवार, दुपारी ३:५८

म्हणजे वाटीतला दहीभात बाळाचा, आणि बाळाने टाकलेला बाबाचा. ठीक. पण चाळीस थालीपिठं 'बाळांचं खाणं' म्हणून गेटवरून मी नेणार नाही. मंडळाचं नाव जातं.
माझा प्रस्ताव : साडेबारापर्यंत सफरचंदं तोडायची, मग सगळ्यांनी कार्लाइलच्या ग्रेट ब्रुक फार्मला यायचं. स्टेट पार्क आहे, पार्किंगचे पैसे वेगळे पडतील, पण बाकं आहेत, आपला डबा चालतो, खऱ्या गाई आहेत आणि आइस्क्रीमची टपरी ऑक्टोबरअखेर चालू असते. गाईंची धार रोबो काढतो. मुलांनाच काय, मलाही बघायचंय.

केतकी, मंगळवार, दुपारी ४:१०

बागेतून तिथे किती वेळ? कारण पंधरा मिनिटांच्या गाडीत नीर झोपणार, उतरवला की उठणार, आणि मोडलेल्या झोपेचा मुलगा घेऊन मी संध्याकाळी चंद्र बघायला येणार नाही.

मंदार, मंगळवार, दुपारी ४:१४

वीस मिनिटं.

केतकी, मंगळवार, दुपारी ४:१५

तेच ते.

सुहासकाका, मंगळवार, रात्री ९:४०

झोपेवरून एवढं? आम्ही मुग्धाला पाठुंगळीला घेऊन हिंडायचो, ती झोपायची तेव्हा झोपायची.
मला डोळ्यांमुळे आता हायवेवर गाडी चालवता येत नाही. हिला आणि मला कोणाच्या गाडीत जागा आहे का? कॅनडाहून नात आली आहे, वय सहा, तीही येईल.

नितीन, मंगळवार, रात्री ९:५२

काका, आमच्याकडे तीन जागा आहेत. नातीची सीट मात्र आणा. मॅसॅच्युसेट्समध्ये आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा ५७ इंच उंची पार होईपर्यंत मुलांना कार सीट किंवा बूस्टर (बसायची उंच सीट) लागतोच.

सुहासकाका, मंगळवार, रात्री १०:०५

सहा वर्षांच्या घोडीला सीट? असो. आमच्याकडे नाही.

रेवती, मंगळवार, रात्री १०:११

काका, अर्णवचा जुना बूस्टर पोटमाळ्यावर आहे. शुक्रवारी आणून देते. मोजे पँटवरून चढवायला विसरू नका, तुम्हीसुद्धा.

प्राची, बुधवार २४ सप्टेंबर, सकाळी ९:००

ठरलं. साडेदहाला हेराइड. साडेअकराला तीन वर्षांखालची पोरं बागेतच डबा खातील, 'बाळांचं खाणं' म्हणून, एका मुलामागे एकच पालक. साडेबाराला निघून ग्रेट ब्रुक. ज्यांच्या मुलांची झोप असेल त्यांनी थेट घरी जायला हरकत नाही, थालीपिठं हॉलवर ठेवू. मंदार, चालेल ना?
जाता जाता : डब्यात सफरचंदाच्या फोडी द्यायच्या असतील तर तिथून कॉर्टलँड घ्या, चिरल्यावर लवकर काळं पडत नाही. हेही त्या बाईंनीच सांगितलं.

मंदार, बुधवार, सकाळी ९:०३

चालेल. पुढच्या वेळी आधी विचारा.

केतकी, रविवार ५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

सर्वांचे आभार. नीर काल पावणेअकराला हेराइडवर, गवताच्या पेंढीवर, माझ्या मांडीत झोपला. सफरचंदाचं एकही झाड न बघता. पाऊण तास मी त्याला खांद्यावर घेऊन रांगांमधून फिरले, मग घरी न जाता गाडीतही झोपू दिलं. उठला तो ग्रेट ब्रुकला, गाय समोर, रोबो चालू. तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट 'मूं' करते. संध्याकाळी सातला टवटवीत होता, दुधाचे दोन कप प्यायला आणि साडेअकरापर्यंत झोपला नाही. निळी वाटी उघडलीच नाही.
मंदार, चार थालीपिठं जास्तीची नेली. सांगायचं राहिलं.

मंदार, रविवार, सकाळी ८:४१

सहा नेलीस. असो.
माझ्या डिकीत एक बाळाचा उजवा बूट (लाल, वेलक्रोचा) आणि एक स्टीलचा डबा राहिलाय. झाकणावर 'सौ. कुलकर्णी, १२-५-८७' असं कोरलंय. आत अर्धा दहीभात आहे, तो मी टाकतोय. यादीत पाच कुलकर्णी आहेत.

मीनाकाकू, रविवार, सकाळी ८:५५

डबा आमचा. घासून दे.