झोप न लागणारे मूल आणि डॉक्टरांची दूरची तारीख: तोपर्यंत काय करावे?

प्रश्न – निशिगंध (सोलापूर)

नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो मोजकेच शब्द बोलतो आणि हाक मारली तरी दर वेळी वळून पाहत नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांना स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका आल्याने त्यांनी पुण्याच्या विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आहे, पण तिथली तारीख दिवाळीनंतरची मिळाली. बोलण्याच्या बाबतीत थोडी वाट पाहता येईल. रात्रींच्या बाबतीत ती पाहवत नाही, म्हणून लिहीत आहे.

त्याला साडेबारा-एकच्या आत झोप लागत नाही. लागली तरी तीन-साडेतीनच्या सुमारास तो टक्क जागा होतो. रडत नाही, उलट खुदुखुदु हसतो, गादीवर उड्या मारतो, दिव्याची बटणे चालू-बंद करत राहतो आणि स्वयंपाकघरातले डबे एकेक करून खाली मांडतो. पहाटे पुन्हा डोळा लागला तर आठ-नऊपर्यंत उठत नाही, त्यामुळे बालवाडी बुडते. खालच्या मजल्यावर घरमालक राहतात आणि आवाजाबद्दल त्यांनी दोनदा बोलून दाखवले आहे. माझे यजमान एमआयडीसीत पाळीने कामाला जातात, तेही मोटारसायकलवरून, आणि त्यांची मला फार काळजी वाटते. माझी स्थिती अशी आहे की परवा भाजी निवडता निवडता हातात विळी असतानाच डोळा लागला.

सासूबाई दुधातून जायफळ द्या म्हणतात. औषधाच्या दुकानदाराने सर्दीचे एक सरबत पुढे केले आणि याने मूल शांत झोपते असे सांगितले. कोणी मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक सुचवते. मी अजून काहीही दिलेले नाही. तारीख येईपर्यंत घरी सुरक्षितपणे काय करता येईल, आणि आम्ही दोघांनी तग कसा धरावा?

उत्तर – पाऊलवाट (नाशिक)

ताई, माझी मुलगी स्वमग्न आहे, आता नऊ वर्षांची झाली. तुम्ही लिहिलेले डबे मांडणे आणि हसत जागे होणे मला तंतोतंत ओळखीचे आहे. निम्म्याहून अधिक स्वमग्न मुलांना झोपेची अडचण असते. त्यामुळे पुढे निदान काहीही झाले तरी यात तुमच्या संगोपनाचा दोष आहे असे कुणालाही म्हणू देऊ नका.

आजपासूनच करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे झोपेची नोंदवही. साधी शंभर पानी वही घ्या आणि अंथरुणावर कधी नेले, झोप कधी लागली, कधी जाग आली, किती वेळ जागा होता, सकाळी कधी उठला, दिवसा कधी झोपला, संध्याकाळनंतर काय खाल्ले हे रोज एका ओळीत लिहीत जा. घोरणे, घाम, पाय झाडणे असे काही दिसले तर तेही लिहा. किमान दोन आठवड्यांची सलग नोंद समोर ठेवली की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत पुष्कळ काही कळते. एरवी आपण थकलेल्या डोक्याने ‘झोपतच नाही हो’ एवढेच सांगू शकतो.

दुसरी गोष्ट आमच्या घरी सर्वांत उपयोगी पडली, पण ती ऐकायला उलटी वाटते. ज्या मुलाला साडेबाराला झोप लागते त्याला नऊला अंथरुणावर नेले तर साडेतीन तास झटापट होते आणि अंथरूण म्हणजे झटापटीची जागा हेच त्याच्या मनात बसते. म्हणून काही दिवस त्याला झोप लागते त्याच सुमारास, म्हणजे साडेबारालाच अंथरुणावर न्यायचे, मात्र सकाळी उठण्याची वेळ पक्की ठेवायची. रात्र कितीही वाईट गेलेली असो, सातला पडदे उघडायचे आणि त्याला गच्चीत किंवा अंगणात उजेडात न्यायचे. पडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागू लागली की वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची, ती दोन-तीन रात्री टिकली की पुन्हा पंधरा मिनिटांनी. पहिला आठवडा जड जातो, कारण पहाटे झोपलेल्या मुलाला सातला उठवणे जिवावर येते, पण सुट्टीच्या दिवशीही ही सवलत देऊ नका. दुपारची झोप घेत असेल तर ती तीनच्या आत संपवा.

तीनला जाग आल्यावर दिवा लावायचा नाही, मोबाइल द्यायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. ‘रात्र आहे, झोपायचं’ हे एवढेच शब्द, त्याच आवाजात, दर वेळी. परदेशी पुस्तकांत मुलाला वेगळ्या खोलीत रडू द्यावे असे लिहिलेले असते. दोन खोल्यांच्या घरात ते शक्य नाही आणि बोलता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत मला ते योग्यही वाटत नाही. तुमच्या शेजारी झोपला तरी चालेल, फक्त रोजची रीत एकच ठेवा. संध्याकाळी चहा देत असाल तर तो थांबवा, आमच्याकडे बशीतून दिलेला चहा कुणी मोजतच नव्हते.

सुरक्षिततेचे आज रात्रीच करा. गॅसचा रेग्युलेटर रोज रात्री बंद करा, विळी-सुऱ्या आणि औषधे कुलपात ठेवा, बाहेरच्या दाराला उंचावर जास्तीची कडी बसवून घ्या, गच्चीचे दार बंद ठेवा. गादी खाली जमिनीवर, भिंतीपासून दूर घाला आणि तिच्याखाली जाड सतरंजी टाका. घरमालकांचा प्रश्नही थोडा सुटेल. त्यांना मुलाची अडचण एकदा दिवसा शांतपणे समजावून सांगा. बहुतेक माणसे कारण कळल्यावर सौम्य होतात.

उत्तर – बालवैद्य

मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. वरील सल्ला उत्तम आहे. त्याला वैद्यकीय बाजू जोडते, कारण तारखेची वाट पाहत असताना काही तपासण्या तुमच्याच गावात उरकता येतात आणि त्या उरकाव्यातच. मात्र मुलाला न तपासता लिहिलेल्या या मजकुराला उपचार समजू नये.

सर्वांत आधी श्वास पाहा. मुलगा आठवड्यातल्या तीन किंवा अधिक रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, मान मागे टाकून झोपत असेल किंवा श्वास क्षणभर थांबून मग धापेसरशी सुरू होत असेल, तर ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) किंवा टॉन्सिल वाढलेले असण्याची शक्यता असते. त्यासाठी पुण्याची वाट पाहू नका, सोलापुरातल्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

त्यानंतर लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयाची आढळली होती. लोह कमी असलेल्या मुलांचे पाय रात्री अस्वस्थ होतात, ती पाय झाडतात, घासतात, अंथरुणात सारखी वळतात; आणि ज्याला बोलता येत नाही तो पायांत काय होते हे सांगू शकत नाही. केवळ हिमोग्लोबिन पाहून हे कळत नाही, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, रक्तात तपासावे लागते. पाय अस्वस्थ असलेल्या मुलात फेरिटिन ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर अनेक तज्ज्ञ लोह सुरू करतात. निवडक खाणाऱ्या मुलांत, म्हणजे नुसता दूध-भात किंवा बिस्किटांवर राहणाऱ्यांत, ही शक्यता मी विशेष धरते. परंतु लोह स्वतःच्या मनाने देऊ नये, मात्रा वजनावरून ठरते. याच भेटीत बद्धकोष्ठ, दातदुखी, कानदुखी, अंगाची खाज आणि जंत यांचीही विचारपूस होऊ द्या.

रात्री एकाच प्रकारचे झटके, अंग ताठ होणे, एका लयीत हात-पाय उडणे, ओठ चावल्यासारखे करणे असे काही दिसले तर ताबडतोब मोबाइलवर चित्रफीत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा, कारण ते अपस्माराचे (फिट येण्याच्या आजाराचे) लक्षण असू शकते. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला किंवा मूल निळे पडले तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. तुमचा मुलगा हसत जागा होतो आणि खेळतो, हे वर्णन सहसा झटक्याचे नसते; तरी एकदा चित्रफीत घेऊन ठेवायला हरकत नाही.

आता औषधांविषयी स्पष्ट बोलते. दुकानदाराने दिलेले सरबत घेऊ नका. अशा सरबतांत गुंगी आणणारी ॲलर्जीविरोधी औषधे असतात, त्यांनी काही मुले झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, आणि त्यातले प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना श्वास मंदावण्याच्या धोक्यामुळे निषिद्धच आहे. तुमचा मुलगा मोठा असला तरी झोपेसाठी ते रोज देण्याचे औषध नव्हे. मेलाटोनिनचा स्वमग्न मुलांना उपयोग होतो, मुख्यतः झोप लवकर लागण्यासाठी, मध्यरात्री जाग येण्यावर तितका नाही. मात्र २०२३ मध्ये अमेरिकेत तपासलेल्या मेलाटोनिनच्या २५ गमी-उत्पादनांपैकी (चघळायच्या गोळ्यांपैकी) २२ मध्ये प्रत्यक्ष मात्रा वेष्टनावरील मात्रेशी जुळली नव्हती. म्हणून ते द्यायचे की नाही, कोणते, किती आणि किती वाजता हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवावे. त्यासाठी दिवाळीनंतरची तारीख उजाडायला हवी असे नाही, त्यांना आजच विचारता येईल. वजनदार पांघरुणांची सध्या फार जाहिरात होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत स्वमग्न मुलांची झोप त्यामुळे वाढलेली दिसली नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवण्याआधी विचार करा.

तारखेबद्दल दोन गोष्टी. पुण्याच्या दवाखान्याला आठवड्यातून एकदा फोन करून कुणाची रद्द झालेली वेळ मिळते का हे विचारत राहा. सोलापूरहून अचानक निघण्याची तयारी आहे हेही सांगा. दरम्यान जिल्हा रुग्णालयात ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’ची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रे चालतात आणि तेथे वाढीची तपासणी व उपचार विनामूल्य असतात. भाषा-उपचार तेथून सुरू झाला तर पुण्याची तारीख येईपर्यंतचा काळ वाया जात नाही.

उत्तर – सहाण (सातारा)

मुली, मी पासष्टीची आहे, म्हणून एकेरी लिहिते. जायफळाबद्दल मी बोलते, कारण सासूबाईंना ते एखाद्या डॉक्टरपेक्षा माझ्या वयाच्या बाईने सांगितलेले पटेल. आम्ही बाळगुटीत जायफळाचे सहाणेवर एक-दोन वेढे देत असू, तेही तान्ह्याला, इतर दहा जिन्नसांबरोबर. साडेचार वर्षांच्या मुलाला झोपवण्यासाठी पूड करून दुधात ढवळणे ही वेगळी गोष्ट आहे. पुडीचा अंदाज राहत नाही, आज झोपला नाही म्हणून उद्या थोडे जास्त पडते, आणि जास्त जायफळाने धडधड, तोंडाला कोरड, गुंगी आणि भ्रम होतो. त्यातून जो सांगू शकत नाही त्याला काय होते ते आपल्याला कळणार कसे?

सासूबाईंना नाही म्हणताना त्यांना दुसरे काम द्यावे. आम्हा म्हाताऱ्यांची झोप पहाटे चारलाच उघडते. चार ते सात नातू त्यांच्याजवळ असू दे आणि तू दुसऱ्या खोलीत दार लावून झोप. आग्रहामागे त्यांचीही काळजीच आहे, ती अशी मार्गी लागेल.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, तो पाय खरोखरच घासतो, गादीच्या कडेवर टाचा रगडतो. आम्ही ती त्याची सवय समजत होतो. सोमवारी फेरिटिनसाठी रक्त द्यायचे ठरवले आहे. सासूबाईंना आजींचे उत्तर वाचून दाखवले, चारची पाळी त्यांनी घेतली आहे. एकच विचारते: यजमानांची रात्रपाळी असते त्या आठवड्यात कसे करावे?

पाऊलवाट

त्या आठवड्यात सगळ्यांना थोडी-थोडी तुटक झोप मिळण्यापेक्षा प्रत्येकाला काही तासांची सलग झोप मिळेल अशी वाटणी करा. मुलगा झोपला की तुम्हीही लगेच झोपा, भांडी सकाळी होतील. तीनला उठून चारपर्यंत तुम्ही सांभाळा, पुढे सासूबाई. यजमान सकाळी घरी आले की आधी त्यांना झोपू द्या, आणि डोळे मिटत असतील त्या दिवशी त्यांनी मोटारसायकल न काढता कंपनीच्या बसने किंवा सहकाऱ्याबरोबर यावे. एखाद्या रात्री राग अनावर झाला, मुलाला गदागदा हलवावे असे वाटले, तर त्याला गादीवर सुरक्षित ठेवून दोन मिनिटे दाराबाहेर उभ्या राहा आणि सासूबाईंना उठवा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते, आणि तो पालकांसाठीही आहे. फेरिटिनचा अहवाल आला की येथे जरूर कळवा, आणि वहीतली पहिल्या आठवड्याची पाने बालरोगतज्ज्ञांना त्याच भेटीत दाखवा.