‘एक्स्पान्शन सेट’ला मराठीत काय म्हणाल? आणि ‘माना’चं काय करायचं?

माडाखाली:
‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘अरेबियन नाइट्स’ हा त्याचा पहिला एक्स्पान्शन सेट, म्हणजे मूळ खेळात भर घालणारी नवी पानं. त्याच धर्तीवर घरच्या घरी खेळायला आम्ही कोकणातल्या भुतांचा सेट करतोय. मुंजा, हडळ, देवचार, साती आसरा, सगळ्यांची चित्रं झाली. पानांवरचा मजकूर मराठीत लिहायला बसलो आणि अडलो. एक्स्पान्शन सेट, माना (पान खेळायला मोजावी लागणारी शक्ती), टॅप (वापरलेलं पान आडवं करणं), डिस्कार्ड (हातातलं पान सोडून देणं), यांना काय म्हणू? भाचीने पहिलंच पान वाचलं, ‘हडळ बोलावण्यासाठी तीन माना द्या’, आणि विचारलं, ‘कोणाच्या?’

हुकमाची दुर्री:
भाचीला पैकीच्या पैकी! शब्द मूळचा पॅसिफिक बेटांवरचा, तिथे अंगच्या अलौकिक सामर्थ्याला ‘माना’ म्हणतात. आपल्याकडे मात्र ‘मान’चं अनेकवचन. ‘सत्त्व’ कसं वाटतं? सत्त्व पाहणे, सत्त्व जाणे असे प्रयोग आहेतच.

माडाखाली:
अर्थ बरोबर आहे, पण मोजायचं कसं? ‘मला दोन सत्त्वं कमी पडतात’ असं डावात कोणी म्हणणार नाही.

सावंतवाडीकर:
मग मोजता येईल असंच काहीतरी घ्या की. आमच्याकडे राखणदाराला नारळ देतात. हडळ: तीन नारळ. मूळ खेळात माना देणाऱ्या जमिनीच्या पानाऐवजी माड. पान आडवं केलं की एक नारळ पडला. म्हणजे ‘टॅप’चाही प्रश्न मिटला: आडवं करा, उभं करा. फक्त ‘माड आडवा करा’ असं लिहू नका, कुऱ्हाड घेतल्यासारखं वाटतं. ‘माडाचं पान आडवं करा’.

हुकमाची दुर्री:
नारळ झकास! आता ‘डिस्कार्ड’. इथे ‘टाका’ अजिबात नको. मेंढीकोटात ‘पान टाक’ म्हणजे खेळ. रमीत ‘पान टाक’ म्हणजे नको असलेलं सोड. तुमच्या पानावर ‘हातातलं एक पान टाका’ असं छापलंत तर एक जण देवचार उतरवेल, दुसरा तोच देवचार फेकून देईल आणि दोघंही बरोबर असतील. माझं मत: जे समोर येऊन राहतं ते ‘मांडा’, जे जातं ते ‘फेका’. फेकलेलं मसणवट्यात. ‘हात’ही जपून वापरा, ‘दोन हात झाले’ म्हटलं की आमच्या पिढीला दस्तच आठवतात. बाकी पिसणे, वाटणे, कॅट हे शब्द आहेत तसेच चालतील.

सावंतवाडीकर:
एक्स्पान्शन सेटला ‘विस्तारसंच’ म्हटलं की शासन निर्णय वाचल्यासारखं वाटतं. ‘पुरवणी’ म्हणा. परीक्षेतली पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधल्याशिवाय कोणी तपासत नाही, तसंच हे.

माडाखाली:
‘भुतांची पुरवणी’! ठरलं. सगळ्यालाच ‘गंजिफा’ म्हणावं, त्या जुन्या गोल पत्त्यांच्या खेळावरून, असं एक मित्र सुचवतोय.

सावंतवाडीकर:
नको. दशावतारी गंजिफा १२० पानांची, दहा रंग, रंगाला बारा पानं. जोड ठरलेली. इथे तर प्रत्येक जण आपला कॅट स्वतः जुळवतो, तो वेगळाच प्रकार. नाव नका घेऊ, नियम मात्र उचला: दिवसा डाव असेल तर सुरुवात रामाच्या राजाकडून, रात्री कृष्णाच्या. भुतांना याहून सोयीचं काय?

माडाखाली:
उचलला. काल रात्री लिहिलेलं पान:

*चकवा. चार नारळ. मांडल्यावर समोरच्याने हातातलं एक पान न बघता मसणवट्यात फेकावं. दिवेलागणीनंतर खेळत असाल तर दोन.*

भाचीची हरकत अशी, की दिवेलागण झाली हे कोणी ठरवायचं? तूर्तास तिच्या आजीने.